४० हजार व्होल्टचं थोतांड

जुन्या गाडीतले पॉइंट काढून तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशनची डबी बसवली, की मालकाला प्लग विकायला माणसं उभीच असतात. स्पेअर पार्टवाला सांगतो, करंट वाढलाय, आता साधे प्लग टिकायचे नाहीत, इरिडियमच घ्या. फिटर सांगतो, स्पार्क गरम झालाय, एक-दोन नंबर थंड प्लग टाकू. आणि रविवारी बॉनेटभोवती जमणाऱ्यांपैकी कोणीतरी छातीठोकपणे सांगतो, गॅप दुप्पट करा, गाडी उडेल. तिघंही चूक सांगतात. खिसा मालकाचा हलका होतो आणि तिघांपैकी एकानेही गाडीतला चालू प्लग काढून हातात घेतलेला नसतो. मला या प्रकाराची चीड आहे. पन्नास वर्षांपूर्वीचं इंजिन आता कोणी नव्याने बनवणार नाही, आणि ते ऐकीव माहितीवर खराब करण्याचा हक्क कोणालाही नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. कोणता प्लग घालायचा हे इंजिनाचं हेड ठरवतं. इग्निशन बदललं म्हणून प्लगच्या दोनच गोष्टींचा फेरविचार करावा लागतो: गॅप किती ठेवायचा, आणि आत रेझिस्टर असलेला प्लग घ्यायचा की नाही. बाकी जे काही विकलं जातं ते विकणाऱ्याच्या सोयीचं असतं.

आधी त्या ४० हजार व्होल्टचा निकाल लावू. नव्या कॉइलच्या खोक्यावर हा आकडा ठळक छापलेला असतो आणि तो पाहून भल्याभल्यांचे डोळे दिपतात. प्रत्यक्षात रोजच्या चालण्यात कॉइल एवढे व्होल्ट प्लगला देतच नाही. दर ठिणगीच्या वेळी कॉइलचं व्होल्टेज शून्यापासून चढत जातं, आणि प्लगच्या दोन टोकांमधला वायू ज्या क्षणी फुटतो त्या क्षणी त्याचं चढणं थांबतं. दहा हजारांवर फुटला तर ठिणगी दहा हजारांवरच पडते, पुढचे तीस हजार जन्मालाच येत नाहीत. किती व्होल्टला फुटेल ते मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: गॅप किती आहे आणि त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब किती आहे. फ्रीडरिख पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८८९ मध्येच हा संबंध मांडून ठेवला. गॅप ०.६ मिलिमीटर, कॉम्प्रेशन बेताचं, गाडी सपाट रस्त्यावर आरामात चाललेली, अशा वेळी आठ-दहा हजार व्होल्टमध्ये भागतं. म्हणजे प्लग तोच, गॅप तोच ठेवून नुसती कॉइल बदलली, तर प्लगपर्यंत पोचणारं व्होल्टेज जवळपास होतं तेवढंच राहतं. हाताशी शिल्लक वाढते, ठिणगी थोडी जास्त वेळ टिकते, पण इंजिनाला एक अश्वशक्तीही जास्त मिळत नाही. त्या शिल्लकीचा उपयोग करायचा असेल तर गॅप वाढवावा लागतो, आणि तो किती वाढवायचा याला हिशेब आहे. ‘करंट वाढला’ या दोन शब्दांत तो हिशेब गिळून टाकला जातो.

हिशेबाची सुरुवात या प्रश्नापासून व्हायला हवी: तुम्ही नेमकं बसवलंय काय? हा प्रश्न न विचारता जो प्लग सुचवतो त्याच्याकडून काहीही विकत घेऊ नये.

पॉइंटची जुनी पद्धत चार्ल्स केटरिंगची. १९१० च्या कॅडिलॅकवर ती आली आणि नंतर सहा-सात दशकं बहुतेक मोटारी तिच्यावरच चालल्या. पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून करंट वाहतो, पॉइंट उघडले की तो तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि सेकंडरीत हजारो व्होल्ट उठतात. यातला कच्चा दुवा म्हणजे खुद्द पॉइंट. चार-पाच अँपिअरच्या पुढे करंट गेला की ते जळतात, म्हणून कॉइलची प्रायमरी तीन ओहमच्या आसपास ठेवलेली असते. बारा भागिले तीन, म्हणजे चार अँपिअर.

आता बाजारात ‘इलेक्ट्रॉनिक’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या, आपल्या गॅरेजमधल्या डेल्कोच्या, आत पॉइंटच्या जागी बसणारा सेन्सर. चुंबकीय असेल किंवा लुमेनिशनसारखा प्रकाशावर चालणारा असेल. कॉइल जुनीच राहते. अशा बदलाने ठिणगीची ऊर्जा फारशी वाढत नाही. वाढतो तो नेमकेपणा, कारण पॉइंटची टाच झिजून टायमिंग सरकणं बंद होतं. हा फायदा मोठा आहे, पण त्याचा प्लगशी संबंध नाही. इथे गॅप होता तसाच ठेवावा, फार तर एक दशांश मिलिमीटर वाढवावा. दुसरी वस्तू म्हणजे सेन्सर आणि सोबत दीड ओहमची किंवा त्याहून कमी ओहमची कॉइल. ट्रान्झिस्टर आठ अँपिअर सहज तोडतो, कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि इथे गॅप वाढवायला खरोखर वाव मिळतो. तिसरी सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा एका झटक्यात सोडणारी. तिच्यात व्होल्टेज झपाट्याने चढतं, त्यामुळे काजळलेला प्लगही पेटतो, पण ठिणगी क्षणभरच टिकते. साध्या कॉइलची ठिणगी एक-दीड मिलिसेकंद जळते, सीडीआयची त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकी. पातळ मिश्रणाला एवढा कमी वेळ कधी कधी पुरत नाही. या तिन्ही वस्तूंना एकच प्लग, एकच गॅप सांगणारा दुकानदार अंदाज विकतोय, आणि पैसे मात्र वस्तूचे घेतोय.

कारखान्यांनी हे काम कसं केलं त्याचा दाखला आपल्या अगदी जवळचा आहे. अँबॅसडरमधलं १४८९ सीसीचं इंजिन ब्रिटनच्या बीएमसी कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच घराण्याचं मोठं, १७९८ सीसीचं इंजिन एमजीबी या गाडीत होतं. पॉइंटवर चालणाऱ्या एमजीबीला प्लगचा गॅप होता एक इंचाचा २५ हजारांश, म्हणजे ०.६ मिलिमीटरहून किंचित जास्त. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत विकायच्या एमजीबीवर लुकासचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर आला आणि कारखान्याने गॅप केला ३५ हजारांश, म्हणजे ०.९ मिलिमीटर. प्लगची हीट रेंज तीच ठेवली. इंजिन बनवणाऱ्या माणसांनी, हातात सगळी मोजमापं असताना, एवढाच बदल केला. त्याच सुमारास जनरल मोटर्सने आपल्या हाय एनर्जी इग्निशनबरोबर काही इंजिनांना ६० हजारांशाचा गॅप दिला, आणि पुढच्या काही वर्षांत तो कमी करून बऱ्याच ठिकाणी ४५ वर आणला. गॅप वाढवत नेण्याची हौस एवढ्या मोठ्या कंपनीलाही आवरती घ्यावी लागली. नाना पेठेतला किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचा दुकानदार त्यांच्यापेक्षा जास्त चाचण्या करून बोलतो असं ज्याला वाटतं, त्याने खुशाल गॅप दुप्पट करावा.

आता हीट रेंज. या एका शब्दाने जेवढी इंजिनं हैराण झाली तेवढी भेसळीच्या पेट्रोलनेही झाली नसतील.

गरम प्लग आणि थंड प्लग यांचा ठिणगीच्या ताकदीशी काहीही संबंध नाही. प्लगच्या आतल्या चिनी मातीच्या टोकाची लांबी जास्त असेल तर उष्णता हेडपर्यंत जायला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता चटकन निघून जाते. तो थंड प्लग. टोकाचं तापमान साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वर राहिलं तर त्यावरची काजळी जळून जाते, आणि ते ८००-८५० च्या पुढे गेलं तर ठिणगीआधीच मिश्रण पेटायचा धोका. या दोन आकड्यांच्या मध्ये टोकाला ठेवणं एवढंच हीट रेंजचं काम. हे तापमान ठरतं कॉम्प्रेशनवर, मिश्रणावर, टायमिंगवर आणि गाडी किती भाराने चालवता यावर. ठिणगीची ऊर्जा जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपुढे नगण्य आहे. डबी बसवल्यावर थंड प्लग सुचवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग थंड प्लगची ही टूम निघाली कुठून? याला दोन कारणं आहेत, आणि दोन्ही गॅरेजच्या आळसातून आलेली आहेत. पहिलं टायमिंगचं. पॉइंट काढून सेन्सर बसवला की ठिणगीची वेळ बदलते. पुली फिरवून, टायमिंग लाइट लावून ती पुन्हा जुळवायला हवी. आपल्याकडे कानाने जुळवतात. आरपीएम चढेल तिकडे डेल्को फिरवायचा आणि नट आवळायचा. टायमिंग पुढे सरकतं, चढावर इंजिन टकटकतं, प्लग तापतो, आणि मग ‘प्लग गरम पडतोय’ म्हणून थंड प्लग येतो. ज्या चुकीने प्लग तापला ती चूक तशीच राहते आणि पिस्टन मार खात राहतो.

दुसरं कारण रंगाचं. जुने फिटर प्लगच्या टोकाचा बदामी-तपकिरी रंग पाहून इंजिनाची प्रकृती सांगायचे, आणि त्या काळात ते बरोबर सांगायचे. पण त्या रंगात शिशाचा मोठा वाटा होता. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. आता निरोगी इंजिनाचा प्लगही फिका, पांढरट-राखाडी दिसतो. पंचवीस वर्षं झाली तरी तो फिका रंग पाहून ‘इंजिन गरम चाललंय’ असा निकाल दिला जातो. त्यातून प्लग पाहायचा कधी? गाडी गॅरेजपर्यंत आणून, दहा मिनिटं आयडलवर ठेवून, मग. त्या दहा मिनिटांत प्लग आयडलचीच काजळी धरतो. रंग पाहायचा असेल तर मोकळ्या रस्त्यावर भाराने गाडी पळवून, क्लच दाबून इंजिन तिथल्या तिथे बंद करून, कडेला घेऊन प्लग काढावा लागतो. एवढा खटाटोप करणारा फिटर मिळाला तर त्याला जपा.

नंबरांचा गोंधळ याहून भयंकर. एनजीके आणि डेन्सो यांच्या प्लगवर नंबर वाढला की प्लग थंड होतो. बॉशच्या आणि चॅम्पियनच्या प्लगवर नंबर वाढला की गरम होतो. एकाच हीट रेंजचा प्लग एनजीकेत ६, बॉशमध्ये ७ आणि चॅम्पियनमध्ये ९. यात भर म्हणजे बॉशची जुनी तीन आकडी पद्धत, जी मायकोच्या, म्हणजे बॉशच्या इथल्या कंपनीच्या, जुन्या खोक्यांवर अजून दिसते, ती बॉशच्याच नव्या पद्धतीच्या बरोबर उलटी: १७५ चा प्लग आजच्या ७ च्या जवळचा, आणि २२५ चा त्याहून थंड. मोटरसायकलींवर हात बसलेला मुलगा एनजीकेच्या सवयीने बॉशचा नंबर वाढवतो, थंड प्लग टाकला असं समजतो आणि गरम प्लग आवळून मोकळा होतो. तुलनेचा तक्ता पाहायला एक मिनिट लागतं. तो न पाहता दुसऱ्याच्या इंजिनात हात घालणं हा बेजबाबदारपणा आहे आणि मी त्याला दुसरा शब्द वापरणार नाही.

कोथरूडच्या एका ओळखीच्या गृहस्थांची सत्तरच्या दशकातली फियाट अशाच उपचारांनंतर माझ्यासमोर आली. एका गॅरेजने तिला सेन्सर, नवी कॉइल, जाड लाल प्लग वायर आणि नवे प्लग असा थाट करून दिला होता. तेव्हापासून सिग्नलला मिसिंग आणि चढाला धक्के. तिसऱ्या सिलिंडरचा प्लग काढला. टोकावर कोरडी, मखमली काळी काजळी होती, वर्तमानपत्राच्या कागदावर घासली की पेन्सिलीसारखी उमटत होती. बाजूच्या इलेक्ट्रोडच्या कडा मात्र अजून कोऱ्या, धारदार. म्हणजे हा प्लग झिजण्याइतका नीट कधी पेटलेलाच नव्हता. नंबर पाहिला तर एनजीकेचा ८, मूळच्या ६ पेक्षा दोन पायऱ्या थंड. नंबराच्या मागे ११ ची शेपटी, म्हणजे गॅप १.१ मिलिमीटर, खोक्यातून निघाला तसा. मी फिलर घातला, तो सैल फिरला. मग डेल्कोची कॅप उघडली. आतल्या बाजूला तिसऱ्या आणि चौथ्या टर्मिनलच्या मध्ये केसासारखी बारीक, फाटे फुटलेली काळी रेघ उमटली होती. संध्याकाळी अंगणातला दिवा बंद करून इंजिन चालू केलं आणि ॲक्सिलरेटर झटक्यात दाबला, तर कॅपजवळ निळा धागा नाचताना सगळ्यांनी पाहिला.

गाडी घरून पेठेत आणि पेठेतून घरी, चार-पाच किलोमीटर, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा वेळ चोक ओढून. अशा चालवण्यात गरम प्लगचं टोकसुद्धा ४५० अंशांपर्यंत कसंबसं पोचतं. तिथे दोन पायऱ्या थंड प्लग काजळणारच. आणि वाढलेल्या गॅपला लागणारं जास्तीचं व्होल्टेज प्लगपर्यंत जाण्याआधी जिथे वाट सापडेल तिथून पळणारच. जुनी कॅप, रोटरची जुनी पट्टी, मधला झिजलेला कार्बन, यांतला सगळ्यात कमजोर भाग फुटतो. कधी रोटरला आरपार भोक पडून ठिणगी सरळ शाफ्टमध्ये जाते. म्हणून डबी घेण्याआधी कॅप आणि रोटर नवे घ्या. हे बोलायला कोणी तयार नसतं, कारण कॅप-रोटरमध्ये नफा थोडा आणि त्यांवर व्होल्टचा आकडा छापता येत नाही.

त्या फियाटला मूळ हीट रेंजचे, रेझिस्टरवाले प्लग, ०.८ चा गॅप, कार्बनच्या गाभ्याच्या वायर, नवी कॅप आणि लाइट लावून जुळवलेलं टायमिंग एवढं दिलं. मिसिंग गेलं. ज्या गॅरेजने तिची ही अवस्था केली त्याने पैसे परत केले नाहीत, आणि चूकही मान्य केली नाही.

त्या जाड लाल वायरबद्दल बोलायलाच हवं. तांब्याच्या सलग तारेची प्लग वायर ‘करंट पूर्ण पोचवते’ म्हणून विकली जाते. पॉइंटच्या गाडीत ती चालायची, फार तर रेडिओत खरखर यायची. पण प्रत्येक ठिणगी रेडिओलहरी फेकते, आणि डेल्कोच्या आत बसलेला सेन्सर त्या लहरींनी गोंधळतो. नसलेला इशारा त्याला ऐकू येतो, भलत्याच वेळी ठिणगी पडते, आणि मग कोऱ्या डबीला बदनाम करून ती बदलली जाते. पर्ट्रॉनिक्ससारख्या उत्पादकांच्या सूचनांमध्ये सलग तारेच्या वायर वापरू नका असं स्पष्ट लिहिलेलं असतं. सूचनांचा कागद खोक्यातच राहतो आणि खोकं कचऱ्यात जातं. वायर कार्बनच्या गाभ्याची किंवा गुंडाळीच्या तारेची हवी. सोबत रेझिस्टरवाला प्लग घेतला तर उत्तमच. एनजीकेच्या नंबरात आर हे अक्षर, म्हणजे बीपी६ईएसऐवजी बीपीआर६ईएस. आतला रेझिस्टर साधारण पाच किलोओहमचा असतो. त्याने ठिणगी दुबळी होते हा समज खोटा आहे: वायू फुटेपर्यंत करंट वाहतच नाही, मग रेझिस्टरवर व्होल्टेज खर्ची पडेल कुठून? मल्टिमीटर लावला तर हा आकडा घरी तपासता येतो. नकली प्लगांच्या या बाजारात तेवढं तपासणं जरूर करावं.

इरिडियमची गोष्ट मला सगळ्यात जास्त सलते, कारण ती वस्तू चांगली आहे आणि चुकीच्या कारणाने विकली जाते. इरिडियमचा वितळणबिंदू २४०० अंशांच्या पुढे, निकेलचा १४५५. म्हणून त्याचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरचं करता येतं आणि तरी ते झिजत नाही. अशा बारीक टोकाला ठिणगी पाडायला व्होल्टेज कमी लागतं. कमी लागतं, हे लक्षात घ्या. म्हणजे ज्याची कॉइल दुबळी, पॉइंट थकलेले, त्याला बारीक टोकाचा खरा उपयोग. ज्याने नुकतीच तगडी कॉइल घेतली त्याच्याकडे व्होल्टेजची शिल्लक पडलेली असताना त्यालाच हा कित्येक पट महाग प्लग गळ्यात मारला जातो. दुसरा गुण टिकाऊपणाचा. ज्या गाडीचे प्लग काढायला अर्धं इंजिन उघडावं लागतं तिला लाख किलोमीटरचा प्लग हवा. प्रीमियर पद्मिनीचे चारही प्लग चहा निवायच्या आत निघतात, आणि वर्षाकाठी ती धावते किती? वर पुन्हा कार्बोरेटर जास्त पेट्रोल ओतत असेल, तर स्वस्तातला असो की महागातला, प्लग सारखाच काजळतो. नाण्यासारखी गोल गेज घालून इरिडियमचा गॅप वाढवताना ती बारीक तार मोडलेली मी पाहिली आहे. साधा निकेलचा प्लग, ज्याला सगळे तांब्याचा म्हणतात कारण गाभ्यात तांबं असतं, तो या इंजिनांसाठीच घडलेला आहे. जास्त ऊर्जेने तो थोडा लवकर झिजेल. तीन-चार हजार किलोमीटरला फिलर घालून गॅप पुन्हा बसवायचा, इतकंच.

दोन-चार टोकांच्या प्लगबद्दल तर एवढंच पुरे: टोकं कितीही असली तरी एका वेळी ठिणगी एकाच टोकावर पडते. दुभागलेल्या टोकाच्या एका प्रसिद्ध अमेरिकी प्लगच्या जाहिरातींवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने १९९० च्या दशकात कारवाई केली होती, इंधन वाचतं आणि ताकद वाढते या दाव्यांना आधार नव्हता म्हणून.

कोणताही नवा प्लग घेताना त्याच्या आट्यांची लांबी जुन्या प्लगला लावून पाहा. अर्ध्या इंचाच्या हेडला पाऊण इंचाचा प्लग बसतोही, पण पुढे आलेले आटे लाल होतात आणि कधी पिस्टनच प्लगला भिडतो. उलट केलं तर हेडच्या उघड्या आट्यांत कार्बन भरून पुढचा प्लग अडकतो. फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, तेव्हा इंजिन थंड असतानाच प्लग काढा. पहिले काही फेरे बोटांनीच बसवा.

कॉइलच्या प्लस-मायनसकडेही कोणी बघत नाही. प्लगचं मधलं टोक मायनस हवं, कारण ते जास्त तापतं आणि तापलेल्या टोकातून इलेक्ट्रॉन सोपे सुटतात. कॉइलच्या तारा उलट लागल्या की त्याच गॅपला बरंच जास्त व्होल्टेज लागतं, आणि महागड्या कॉइलची अर्धी मिळकत तिथेच बुडते. ब्रिटिश घराण्यातल्या जुन्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या. त्यांतल्या काही गाड्या मधल्या काळात कोणीतरी निगेटिव्ह अर्थच्या केल्या आणि कॉइल तशीच सोडली. डबी घेण्याआधी बॅटरीची कोणती तार बॉडीला आहे ते डोळ्यांनी पाहा. चुकलात तर डबी चावी फिरवल्याबरोबर जळेल.

पेट्रोलचाही प्रश्न आहे, पण तो प्लगने सुटणारा नाही. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. कार्बोरेटर स्वतःला जुळवून घेत नाही, त्यामुळे त्याच जेटवर मिश्रण सात-आठ टक्क्यांनी पातळ पडतं आणि पातळ मिश्रण पेटायला नाठाळ. थोडा मोठा गॅप तिथे मदत करतो. खरा इलाज जेट बदलण्याचा आहे आणि तो करणारे हात आता फार थोडे उरलेत. सीएनजीचं उलट: वायूला ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून गॅप कमी ठेवावा लागतो. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या. त्यांच्यातली एखादी कोणी हौसेने घेतली असेल आणि सीएनजीचा सरंजाम काढून ती पुन्हा पेट्रोलवर आणली असेल, तर प्लगचा गॅप अजून सीएनजीचाच आहे का ते आधी तपासावं.

गॅप किती, याचं उत्तर शेवटी तुमची गाडीच देते, आणि ते विचारायची रीत साधी आहे. नव्या कॉइलसह ०.८ पासून सुरुवात करा. इंजिन पूर्ण तापल्यावर खंबाटकीचा किंवा खंडाळ्याचा चढ घ्या, वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून. त्या क्षणी सिलिंडरमध्ये दाब सगळ्यात जास्त असतो आणि प्लगला व्होल्टेजही सगळ्यात जास्त लागतं. गॅप जास्त असेल तर गाडी तिथे चुकते. आयडलला ती गुळगुळीत चालते यावरून काहीच सिद्ध होत नाही. चुकली तर अर्धा-एक दशांश कमी करा, नाही चुकली तर ०.९ करून पुन्हा पाहा. मग रात्री हेडलाइट, वायपर सगळं चालू ठेवून सिग्नलला थांबून पाहा. डायनॅमोच्या गाडीत तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, कॉइलला पुरेसा करंट मिळत नाही, आणि दिवसा बरोबर वाटलेला गॅप रात्री जास्त ठरतो. डायनॅमो असलेल्या गाडीला मी ०.७५ च्या वर जाऊ देत नाही. पन्नाशीच्या गाडीने पावसाळी रात्री सायन सर्कलला बंद पडू नये, यापुढे दशांश मिलिमीटरची हौस मला मोलाची वाटत नाही.

याच पद्मिनी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभी केली. कुर्ल्याच्या तिच्या कारखान्यातून निघालेल्या गाड्यांसोबत मालकाला पुस्तिका मिळायची. तिच्यात प्लगचा, पॉइंटचा, टॅपेटचा गॅप आकड्यांत छापलेला असायचा. आज डबी विकणाऱ्यांनी तेवढं तरी करावं. खोक्यावर मराठीत, हिंदीत, वाचता येईल अशा अक्षरात छापा: कॉइल किती ओहमची हवी, वायर कोणती चालणार नाही, गॅप कितीपासून कितीपर्यंत. व्होल्टचा आकडा काढून टाका. आणि गॅरेजवाल्यांनी डबी बसवल्याच्या बिलावर टायमिंग किती अंशांवर ठेवलं आणि प्लगचा गॅप किती ठेवला हे दोन आकडे लिहून द्यावेत. ते लिहिलेले नसतील तर मालकाने बिल चुकतं करू नये.